पायाच्या मापाचा रकाना

हमीदभाई गेल्याचा निरोप शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला, तेव्हा मी सहामाहीचं वेळापत्रक लावत होते. निरोपाखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही एक जोड टाकली आणि वेळापत्रक पूर्ण केलं.

नांदूरघाटच्या रस्त्याला आमची शाळा, समोर त्यांचं सायकलचं दुकान. मुलींना सायकली आल्या तेव्हा वाटपाची यादी माझ्याकडे होती : नाव, इयत्ता, गाव, सही. जोडणीला हमीदभाईंना बोलावलं. मी सांगितलं, सगळ्यांच्या शिटा एकदम खाली ठेवा. पोरी पडणार नाहीत, शिवाय फोटोत रांग एकसारखी दिसेल. त्यांनी यादी उलटसुलट करून पाहिली.

"बाई, यात पायाचं माप कावून न्हाई?"

मी म्हणाले, तसा रकाना नसतो.

"मंग चपला बी एकाच नंबरच्या वाटा की."

फोटो छान आला. पंधरवड्यात उंच मुली गुडघे दुखतात म्हणून सायकल घरी ठेवून पायी यायला लागल्या. लांबच्या वस्तीवरच्या दोघींनी शाळाच सोडली. मग शाळा सुटायच्या वेळी हमीदभाई पाना घेऊन फाटकापाशी उभे राहू लागले. मुलीनं शीट बगलेत धरायची आणि हात खाली सोडायचा. बोटं दोन्ही पायडलांमधल्या आसाला टेकली की उंची बरोबर. "टेकली का बेटा?" हे ते दहा पावलांवरून, रस्त्याकडे तोंड करून विचारायचे. हो म्हटल्यावर मुली बाजूला होत, मग येऊन नट आवळायचे. शिटेचं टोक वर राहून टोचत असलं तरी मुली सांगणार नाहीत, म्हणून ते न विचारताच सपाट करायचे… त्या दोघी परत आल्या.

पुढे तक्रार आली, एक माणूस रोज पोरींच्या घोळक्यात उभा असतो. तक्रार करणाऱ्यानं त्यांचं नाव जरा जोर देऊन घेतलं. ती दहा पावलं मी स्टाफरूमच्या खिडकीतून रोज पाहत होते. त्यावर शाळेत बैठक झाली, तिथे मी ते बोलले नाही. फाटकावर नोटीस लागली : बाहेरील व्यक्तीने येथे थांबू नये. अक्षर माझं. हमीदभाईंनी ती वाचली, पाना खिशात घातला आणि रस्ता ओलांडला. मुलींनी त्या दुकानात जायचं नाही, असं मग घराघरांत ठरलं. तरी ते मला सलाम करत राहिले, आणि मी घाईत असल्यासारखी मान हलवत राहिले.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेले. दाराजवळच्या खुंटीला तो पाना होता, तेल लावून पुसलेला. त्यांच्या पत्नी रझियाभाभींनी चहा ठेवला.

"मनाला लावून घेऊ नका, बाई. हे म्हणायचे, बाईंनी आपल्या मनानं न्हाई लिवलं ते. हेडमास्तरनं लिवायला लावलं आसंल."

हेडमास्तर त्या बैठकीला नव्हतेच. बैठक लवकर आटपावी म्हणून कागद मीच पुढे ओढला होता. हे भाभींना सांगायला तोंड उघडलं…

चहा छान झालाय, एवढंच म्हणाले.