नकाशात नसलेल्या झोपड्या

"मॅडम, आकडा द्या. मदतीचे ट्रक भरून उभे आहेत," कंट्रोल रूममधून साहेब फोनवर म्हणाले.

तापीला पूर आला होता. मी धुळ्यात सॅटेलाइट इमेज वाचायचं काम करते. किती लोकांना घर सोडावं लागलं, याचा अंदाज मला द्यायचा होता. आभाळ भरलेलं, त्यामुळे साधे फोटो निरुपयोगी. म्हणून रडारची इमेज घेतली. ती ढगातूनही निघते आणि तिच्यात पाणी काळं दिसतं. त्यावर घरांचा लेयर, म्हणजे आधीच आखून ठेवलेली छपरं, ठेवायची. बुडालेली घरं मोजायची आणि घरटी माणसं धरून गुणायचं.

नदीकाठचा एक पट्टा अख्खा काळा होता, पण त्यात घर एकही नव्हतं.

"तिथे काय?" साहेबांनी विचारलं.

"नुसती शेतं, सर. कोणी राहत नाही."

ट्रक दुसऱ्या गावांना गेले. दुसऱ्या दिवशी त्या काळ्या पट्ट्यातल्या तलाठ्यांचा फोन आला. मंदिराच्या ओट्यावर सालदारांची कुटुंबं बसली होती. सालदार म्हणजे वर्षभराच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. तो शेतातच राहतो. पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा कूड, वर गवत. वरून पाहिलं तर शेतच वाटतं. आमच्या लेयरमध्ये ती घरं कोणी आखलीच नव्हती.

पुढच्या ट्रकबरोबर मी स्वतः गेले. ओट्यावर एक म्हाताऱ्या अक्का तापलेल्या नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"ताई, काल बठ्ठा गावेसले गाडी गयी. आम्हनाकडे का बरं नही उनी?"

"मीच सांगितलं होतं, तिथे कोणी राहत नाही म्हणून."

त्या चिडल्या नाहीत. "तुम्हनं गाव कोनतं?"

"धरणगावकडचं. वडील सालदार होते."

माझ्या तोंडून ते निघून गेलं. सातवीपर्यंत मी अशाच झोपडीत वाढले. ऑफिसात हे कुणालाच माहीत नाही. मी कधी सांगितलंच नाही.

"मंग तुम्हले तं माहीत व्हतं," अक्का म्हणाल्या आणि पोराच्या अंगावरचं फडकं सारखं करू लागल्या.

मला तिथे उभं राहवेना. मी ट्रकमागे जाऊन ब्लँकेटं उतरवू लागले.

पोराला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तो बरा झाला. आकडा मी सुधारून पाठवला.

आता आकडा देण्याआधी मी नदीकाठच्या तलाठ्यांना फोन करून विचारते, शेतात कोण राहतं? आकडा उशिरा जातो. साहेब कुरकुर करतात. करू द्यावी.