पंधरा पायऱ्या, दोन बरण्या

लवूचा दिवस पहाटे चारला सुरू होई. वखारीत आठला पोचायचं असे, पण उजवा गुडघा चालता व्हायलाच तास लागे. बायको दुर्गा तव्यावर मीठ तापवून पुरचुंडीने शेकत बसायची. बोलणं होत नसे. भांडण नव्हतं, सवय मोडली होती, एवढंच.

भाईंदरच्या त्या वखारीत चिनी मातीच्या बरण्या बाहेरगावी पाठवायला भरत. बरणी पेंढ्यात बसवायची, खोक्याला खिळे ठोकायचे, खोकं माळ्यावर न्यायचं. लवूचं एकोणिसावं वर्ष चालू होतं. बहात्तर सालच्या पावसाळ्यात जुना कामगार राघो जिन्यावर दम खायला बसला, तर मुकादम जयकुमारने त्याला त्याच दिवशी कायमचं घरी बसवलं. त्यानंतर लवूने गुडघ्याचं नाव काढलं नाही. एका सकाळी तो पाचदा चढू शके. सहाव्या वेळी पाय वाकत नसे.

एके दिवशी जयकुमार दोन नव्या, पातळ बरण्या घेऊन आला.

"लवू, नमुने दोनच आलेत, संभाळके. भरलेलं खोकं कितव्या पायरीवरून पडेपर्यंत माल टिकतो, ते सांगायचं. पंधरा पायऱ्या आहेत. एकेक करून टाक. मी इथेच बसतोय."

एकेक म्हणजे पंधरा चढ होऊ शकत होते. लवू जिन्याकडे बघत उभा राहिला.

जोडीदार धर्माजी जुन्या भाईंदरचा. तो हसला. "अरे, मधीच आठवीवरना टाक ना! अर्धा काम तितंच सपतंय."

"आणि आठवीवर फुटली तर?"

"दुसरी हाय ना."

"दुसरी फुटली की तिसरी नाही. मग दुसरीला पहिलीपासून सातवीपर्यंत एकेक पायरीच घ्यावी लागणार. आठ चढ झाले."

"तू चढाचा येवडा कंजूस कवापासना झालास रं?"

पाचच चढ आहेत, असं धरून लवूने उलटं मोजलं. पहिलं खोकं पाचवीवरून टाकायचं. फुटलं तर खालच्या चार पायऱ्या दुसऱ्या बरणीला, एकूण पाच. टिकलं तर एक चढ खर्ची पडला, म्हणून पुढे चारच पायऱ्या वर जायचं: नववी. मग तीन वर, बारावी. मग दोन, चौदावी. मग एक, पंधरावी. जिना तिथेच संपत होता.

पाचवीवरून खोकं पडलं. खिळे उपटून पाहिलं, बरणी शाबूत. पेंढा तितकाच, तसाच भरून पुन्हा खिळे ठोकले. नववीवरूनही शाबूत. बारावीवरून पडल्यावर खोक्यात खळखळलं.

"गई!" जयकुमार म्हणाला. "आता दुसरी पहिल्या पायरीपासून."

"कशाला, साहेब? नववीवर टिकलेली आहे. दहावी आणि अकरावी, एवढंच राहिलं."

दहावीवरून दुसरी बरणी टिकली. पाचव्या चढाला गुडघा दुखेनासा झाला. पाय दुसऱ्या कुणाचा असावा तसा लवू तो हाताने उचलून पायरीवर ठेवत गेला. अकरावीवर पोचला आणि खोकं सोडलं. धर्माजीने खिळे काढले, शाबूत बरणी उचलून दाखवली.

"अकरा," लवू वरूनच म्हणाला.

जयकुमारने कागदावर आकडा लिहिला. "पाचात झालं? मला वाटलं दिवस जाणार." तो उठून गेला. लवू कठड्याला धरून उलट्या पावलांनी उतरला. उतरताना बघणारा धर्माजी एकटाच होता. त्या दिवसापासून माळ्यावरची खोकी त्याने स्वतःकडे घेतली.

लवूची नोकरी आणखी सात वर्षं टिकली. त्या पगारातून एकोणऐंशी साली भाईंदर पूर्वेला तळमजल्याची एक खोली झाली. दुर्गा आदल्या वर्षी गेली होती. गवंड्याने विचारलं, ओटा किती उंच घेऊ? लवूने हात आडवा धरून दुर्गाच्या कमरेची उंची दाखवली. गवंड्याने तेवढा बांधला. आता त्याला वाकून स्वयंपाक करावा लागतो.