जवसाचं तेल आणि मेणाच्या पेन्सिली

पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमधल्या नव्या शाळेत चित्रकलेची बाई पाहिजे होती, आणि मले ती नोकरी पाहिजे म्हणजे पाहिजेच होती. "नवरा कारखान्याच्या स्टोअरात पक्का आहे, मग तुले कावून पाहिजे वो नोकरी?" असं विचारून सेक्टरमधल्या बायकांनी मले वीट आणला होता. मुलाखतीले येताना एक रंगीत चित्र आणा, असं कळवलं होतं.

मी दोन काढली, दोन्ही पळसाच्या झाडाची. एक आमच्या ह्यायनं सुपेल्याच्या बाजारातून आणलेल्या मेणाच्या पेन्सिलींनी. रंग लोण्यासारखा लागे, भडक, चमकदार. पण टोक केलं की मोडे, आणि मे महिन्यात त्या हातातच नरम पडत. दुसरं शेजारच्या रशियन इंजिनिअरच्या बायकोनं दिलेल्या तेलाच्या पेन्सिलींनी. म्हणजे रंग मेणाऐवजी तेलात मळलेला, हाताले मात्र कोरड्याच. टोक टिके, पानाची शीर न् शीर निघे, पण रंग चढवता चढवता मनगट भरून येई. खरं सांगते, माझं चित्र ते दुसरंच होतं.

पंधरा दिवसांनी मेणाच्या चित्रातल्या काळ्या खोडावर पांढरी झाक आली. मेण असं वर येतेच. मऊ फडक्यानं अलगद पुसलं की जाते. हे ह्यायले माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं कबूल करतील तर ते आमचे हे कसले! मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी नळावरून येऊन पाहते, तर हे कापसाच्या बोळ्यानं चित्रावर तेल फिरवून राहिले.

"अवो, हे काय करून राहिले तुम्ही!"

"बुरशी आली होती. लोणच्यात तेल कमी पडलं का असंच होते. तूच म्हणत होती ना, तेलाच्या पेन्सिली चांगल्या? जवसाचं लावलं, घरचं आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रडली, भांडली, जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही चित्रं नेली, तेलकट खाली लपवून. मुलाखत घेणाऱ्या साहेबानं वरचं पाहिलं न पाहिलं केलं. "फीका है." मग खालचं ओढलं, नाकाशी नेलं आणि खुर्चीतून उठलाच. "अरे वाह! ऑइल पेंटिंग!"

खरं सांगायले मी तोंड उघडलं होतं. नोकरी डोळ्यापुढं आली आणि मुकाट्यानं मिटलं.

चित्र शाळेच्या ऑफिसात लागलं. "हिले माझ्या तेलानं नोकरी लागली," असं ह्यायनं अख्ख्या सेक्टरले ऐकवलं. वर्षभरात कारखान्याची लाल धूळ त्या तेलावर अशी चिकटली, का पळस ओळखू येईना. तेवढ्यात मोठ्या बाईंनी बोलावलं. तेच साहेब येणार होते, त्यायनं होकार दिला तरच मी पक्की होणार होती. "वैसाही एक नया बना दीजिए," त्या म्हणाल्या. मी रशियन पेन्सिलींचं चित्र पुढं केलं. अजून जसंच्या तसं होतं.

"नहीं नहीं, वो ऑइलवाला."

घरी येऊन मेणाच्या पेन्सिलींनी पुन्हा पळस काढला. माझाच मले इतका राग आला होता! हे पेपर वाचत बसले होते.

"अवो," म्हटलं, "ते तेल काढा जरा."

त्यायनं सावकाश पेपरची घडी केली.

"कोणतं? जवसाचं, का या वेळी शेंगदाण्याचं लावून पाहू?"