भाड्याची गाडी आणि लिंबू

रेसट्रॅकवर भाड्याची गाडी चालवायची, तीही पन्नाशी उलटल्यावर, ही कल्पना माझी नव्हे. एवढं आधीच सांगून टाकते, कारण नंतर ज्यानं ऐकलं त्याला वाटलं, बाईला काय हौस! हौस कसली डोंबलाची? मला हायवेची भीती वाटते. नुसता विचार केला तरी तळहात ओले होतात.

लायसन्स आहे हो माझ्याकडे. दुबईपलीकडच्या आमच्या फुजैरा गावात सुपरमार्केट, क्लिनिक, समुद्राकडेचा रस्ता, एवढं मी कित्येक वर्षं चालवत आलेय. पण एकदाच एकटी डोंगरातल्या हायवेला लागले होते. मागून एक जण लाइटवर लाइट मारायला लागला, शेजारून हा एवढा ट्रेलर घासून गेल्यासारखा गेला. गाडी कडेला घेऊन ढसाढसा रडत बसले. पोलीस आला, त्या बिचाऱ्यानं स्वतःजवळची पाण्याची बाटली दिली. त्या दिवसापासून माझ्यापुरता हायवे खलास.

अडत काही नव्हतं, कारण चालवायला नवरा होता. तो तेलाच्या टर्मिनलवर सेफ्टी विभागात आहे. पण मग साखरेनं त्याचे डोळे धरले. डॉक्टर म्हणाले, रात्रीचं ड्रायव्हिंग बंद, आणि डोळ्यातल्या इंजेक्शनसाठी दुबईला येत राहा. टर्मिनल गावाबाहेर, शिफ्टच्या वेळा आडनिड्या, तिथं ना बस ना मेट्रो. म्हणजे हिशेब सरळ होता. मी गाडी हातात घेतली नाही तर आज ना उद्या त्याची नोकरी जाणार, नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि मुलीला इथं एकटी टाकून आम्ही दोघं चिपळूणला. औषधोपचाराचा विमाही नोकरीबरोबरच जाणार. हे तो बोलून दाखवत नसे. "दिवसा मला उत्तम दिसतं गं," एवढंच म्हणायचा. "अजून वर्षभर तरी काळजी नाही. पण तू हात बसवून ठेव." कामावर मात्र तो सहकाऱ्याच्या गाडीतून जायला लागला होता. पेट्रोल वाचतं, म्हणाला.

मुलगी दुबईत सिलिकॉन ओएसिस नावाच्या वस्तीत नोकरी करते आणि तिथंच राहते. तिनं उपाय काढला, रेसट्रॅकचा. "आई, इट्स द सेफेस्ट प्लेस. नो ट्रक्स, नो सिग्नल्स. एव्हरीवन गोज द सेम वे." म्हणे ठरावीक दिवशी ट्रॅक सगळ्यांना खुला असतो, गाडी तिथंच भाड्यानं मिळते, शेजारी कोच बसतो. एकदा तिथं वेगाची भीती मोडली की हायवे म्हणजे काहीच नाही. मी म्हटलं, "अगं, पोहायला येत नाही म्हणून कुणी समुद्रात ढकलतं का?" तर ती हसली आणि तिनं बुकिंग करून टाकलं. त्या दिवशी तिला नेमकी मीटिंग निघाली. बरंच झालं. मुलीसमोर बोबडी वळण्यापेक्षा नवऱ्यासमोर वळलेली परवडली.

सकाळी नवऱ्यानं मला फुजैराहून गाडीनं आणलं. मी सगळ्या वाटेत रामरक्षा म्हणत होते.

ट्रॅकवर पोचलो. मिक्सरच्या भांड्यात कान घातल्यासारखा आवाज. सगळीकडे जवान पोरं, हातात हेल्मेट, गप्पा टायरांच्या. त्यात मी पंजाबी ड्रेसवरची ओढणी काढून ठेवलेली, पायात मुलीचे बूट. आधी सगळ्यांना बसवून नियम सांगितले. पिवळा झेंडा दिसला की हळू, लाल दिसला की परत या. खिसे रिकामे करा, गाडीत एकही सुटी वस्तू नको, मोबाइल नको, बाटली नको. नवरा माझ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकत होता, मान डोलवत होता. टर्मिनलवर रोज सकाळी तो स्वतः कामगारांना असलंच बजावतो.

माझी गाडी लाल होती, बुटकी, दोन दरवाज्यांची. कोच लेबनॉनचा, तिशीतला, हसरा. मी आत बसणार तोच नवऱ्यानं खिशातून लिंबू काढलं आणि सरळ पुढच्या टायरखाली ठेवलं!

"अहो, हे काय?"

"पहिल्यांदा बसतेयस ना या गाडीत. चिरडून जाऊ दे, नजर लागायची नाही."

"अहो, भाड्याची आहे ती!"

"गाडी भाड्याची असेल, बायको माझी आहे."

तेवढ्यात ट्रॅकचा माणूस धावत आला, त्यानं लिंबू उचललं, उलटसुलट बघितलं आणि गंभीर चेहऱ्यानं नवऱ्याच्या हातात परत दिलं. कोच हसत होता. मला लाजेनं मेल्यासारखं झालं. मी आत बसले, पट्टे आवळले, हेल्मेटमध्ये स्वतःचाच श्वास भात्यासारखा ऐकू यायला लागला. नवरा खिडकीतून वाकला, पट्टा ओढून बघितला, सीटच्या कडेला कुठंतरी चाचपलं आणि म्हणाला, "सावकाश." मला वाटलं, सेफ्टीवाला माणूस, तपासत असेल.

"यल्ला, मॅडम," म्हणजे चला, कोच म्हणाला.

पहिले काही फेरे मी रडतखडत काढले. मागून गाड्या यायच्या आणि झूमकन पुढं जायच्या. प्रत्येक वेळी माझा जीव मुठीत. पण खरं सांगायचं तर समोरून कुणी येत नव्हतं, हॉर्न वाजवत नव्हतं, आणि कोच न चिडता सांगत होता, आता बघ वळणाच्या पलीकडे, जिकडे बघशील तिकडे गाडी जाईल. खांदे जरा सैल झाले. मग सरळ पट्टा आला आणि तो म्हणाला, आता दाब. मी दाबलं. सीटनं पाठीत ढकललं. कधी आयुष्यात गेले नव्हते इतक्या वेगात मी होते आणि घाबरत होते, पण गाडी माझ्या हातात होती.

"आता ब्रेक, जोरात!"

मी जोरात ब्रेक मारला आणि टाचेला काहीतरी लागलं. गोल. पाय उचलला, वळण घेतलं. पुढचं वळण लगेचच होतं. "ब्रेक," तो म्हणाला. मी पाय ठेवला. पेडल खाली जाईना.

पहिल्या क्षणी मला कळलंच नाही. मी पुन्हा दाबलं. थोडं गेलं आणि अडलं. "ब्रेक! ब्रेक!" कोच ओरडला. समोर भिंतीला बांधलेल्या टायरांच्या राशी मोठ्या होत होत्या. तोंडचं पाणी पळालं म्हणतात ना, तसं नव्हे, सगळ्या अंगातलंच पाणी गेलं. मुलगी डोळ्यांपुढे आली, नवरा आला, आणि मनात एकच आलं की आता याला दुबईला डोळे दाखवायला कोण नेणार? मी "मेले, मेले!" असं ओरडत दोन्ही पाय एकदम त्या पेडलवर रोवले. पायाखाली काहीतरी पचकन फुटलं. ब्रेक लागला. गाडी गर्रकन फिरली, आभाळ, टायर, रस्ता, पुन्हा आभाळ, आणि खडीत जाऊन थांबली. बाहेर धूळ आणि आत लिंबाचा घमघमाट.

कोचनं आधी मला विचारलं, ठीक आहेस ना? मग खाली वाकला, पिवळी सालं वर काढली आणि बघतच राहिला. "धिस इज अ लेमन." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? नंतर तो जे काही अरबीत बोलला त्यातलं मला फक्त खलास कळलं.

गाडीला खरचटलं नव्हतं, पण मला पुन्हा ट्रॅकवर सोडणार नव्हते. कोचनंच गाडी परत आणली. माझ्या डोक्यात आग पेटलेली. आता या सेफ्टीवाल्याला बघतेच! माणसाला लाज आहे की नाही? जगाला शहाणपण सांगायचं आणि बायकोच्या सीटखाली लिंबू सरकवायचं!

तर नवरा समोरून धावत येत होता. धडपडत. आमच्या पुढं एक निळी गाडी येऊन थांबली होती, तिच्यातून हेल्मेट घातलेला एक उंच, आडदांड माणूस उतरत होता. नवरा थेट त्याच्यापाशी गेला. त्याचे दोन्ही दंड धरले आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "लागलं नाही ना गं तुला? बोल ना! लागलं का?"

मी चार पावलांवर उभी होते.

त्या माणसानं हेल्मेट काढलं. दाढीवाला होता. तरीही नवरा त्याच्या चेहऱ्याकडे बघतच होता, उत्तराची वाट बघत. मी हाक मारली, "अहो." तेव्हा तो आवाजाच्या दिशेनं वळला.

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी जे आलं ते मघाच्या वळणापेक्षा भयंकर होतं. मी त्याला हाताला धरून पार्किंगमध्ये नेलं. आमच्या गाडीला टेकवून उभं केलं.

"किती दिसतं तुम्हाला?"

"धूळ होती गं."

"किती दिसतं?"

तो म्हणाला, मधोमध काळा डाग आहे. कडेकडेचं दिसतं. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं दिसत नाही. उन्हाळ्यापासून.

"आणि आज सकाळी? मला घेऊन आलात ते? डोंगरातून?"

"तू होतीस ना शेजारी."

"म्हणजे?"

"समोर काही आलं की तू श्वास ओढतेस. गाडी जवळ आली की एकदा, ट्रक असला की दोनदा. सिग्नल लाल झाला की सीटवर मागं सरकतेस." तो खाली बघत होता. "तेवढ्यावर ब्रेक मारतो मी. तुझी भीती कधी चुकत नाही."

मी त्याला मारायचीच बाकी होते. लोक बघत होते तरी ओरडले. "मेलो असतो आपण! रस्त्यावरची चार माणसं घेऊन मेलो असतो! टर्मिनलवर कुणी असं केलं तर त्याला एक मिनिट ठेवाल का हो तुम्ही?" तो म्हणाला, "नाही." आणि मग अगदी हळू, "सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस." ते ऐकून मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. आम्ही दोघंही रडलो, भर दुपारी, उन्हात, घरातलं कुणीतरी गेल्यासारखे.

मुलीला फोन केला असता तर ती आली असती. टॅक्सीही मिळाली असती. पण उद्या? आणि परवा? मी हात पुढे केला. त्यानं किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवताना एकदा चुकली, खाली पडली. मी उचलली.

सीट पुढे घेतली, आरसे लावले. आमच्या गाडीत तो पहिल्यांदाच त्या बाजूला बसला होता, त्याला पट्ट्याचं टोक सापडेना, मी लावून दिला. हायवेवर शिरताना माझे दात वाजत होते. मागचा हॉर्न वाजला, मी "मेल्या, जा ना पुढे," म्हणाले आणि लेन सोडली नाही. धीर वगैरे काही आला नव्हता. भीती होती तेवढीच होती, फक्त आता तिच्या भरवशावर बसलेला माणूस शेजारी होता.

डोंगर सुरू झाले आणि वळणावर एक ट्रेलर अचानक पुढं आला. मी श्वास ओढला, दोनदा. माझा पाय ब्रेकवर गेला, आणि त्याच क्षणी शेजारी त्याचाही उजवा पाय रिकाम्या चटईवर गच्च दाबला गेला.