सायराबानूचं जहाजाचं पुस्तक

हुसेनसाबला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला आणावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सायराबानूला वेगळीच काळजी लागली. इतका वेळ तिथं बसून करायचं काय? ती सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानासाठी साड्यांना फॉल-पिको करायची. रिकामे हात मांडीवर ठेवून बसणं तिला जमायचं नाही. हुसेनसाबचंही तेच. आयुष्यभर टेम्पो चालवून चादरींचे गठ्ठे ट्रान्सपोर्टला पोचवलेला माणूस. मशीनला जोडून एका कुशीवर पडून राहायचं म्हणजे त्याला शिक्षाच वाटे.

पहिले काही दिवस ती दवाखान्यात जपमाळ घेऊन बसली. मग एके दिवशी पिशवीत एक जुनं पुस्तक टाकून घेऊन गेली. तिच्या शाळेतलं. शाळेनं कपाटातली फाटकी पुस्तकं काढून टाकली, तेव्हा बाईंनी ते तिला देऊन टाकलं होतं. मुखपृष्ठ आणि पहिली पानं आधीच गेलेली. त्यामुळे नाव कधी कळलंच नाही. घरात सगळे त्याला ‘जहाजाचं पुस्तक’ म्हणायचे. मुलगी सना लहान होती तेव्हा सायराबानूनं ते तिला किती वेळा वाचून दाखवलं, त्याला हिशेब नव्हता.

गोष्ट अशी होती. एका किनाऱ्यावरच्या गावात एकदा ओहोटी लागते आणि भरती परत येतच नाही. समुद्र मागं मागं सरकतो, होड्या चिखलात रुततात. मग लिनू नावाची मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ तोमा भरतीला शोधायला निघतात. त्यांचं जहाज वाऱ्यावर चालत नाही. कुणीतरी गायलं तरच त्याचं शीड फुगतं. कप्तान म्हणजे एक म्हातारा पाणकोळी पक्षी. चोचीच्या पिशवीत नकाशे ठेवणारा आणि सारखा रागावणारा.

“बच्चों की किताब?” हुसेनसाब म्हणाला.

“सो जाव फिर,” सायराबानू म्हणाली आणि हळू आवाजात वाचायला लागली.

तो झोपला नाही. प्रकरण संपलं तेव्हा त्यानं डोळे उघडून एवढंच म्हटलं, “पढ की आगे.”

शेजारच्या खाटेवर करकंबचे कोंडीबा होते. ऊस आणि चार म्हशी असलेले शेतकरी. पहाटेच्या एस. टी. नं यायचे. बोलायला कडक होते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ते पलीकडून म्हणाले, “भाभी, जरा मोठ्यानं वाचा की. आर्दंच ऐकू येतंय. त्या पाखरानं पोरांला नकाशा दिला का न्हाय?”

सायराबानू लाजली. तिनं तंत्रज्ञ विरुपाक्षकडं पाहिलं. विरुपाक्ष अक्कलकोटकडचा. मशीनच्या आवाजात दिवस काढणारा, कमी बोलणारा मुलगा. तो म्हणाला, “वाचा मावशी. एवीतेवी इथं सगळे टी. व्ही. वरची भांडणंच ऐकतात.” आणि त्यानं टी. व्ही. बंद केला.

तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार हे जहाजाचे वार झाले. मराठी पुस्तकी होती, तिथं सायराबानू सोपी करून सांगायची. कधी पाणकोळ्याच्या तोंडी खास सोलापुरी शिव्या घालायची. खाटांवरची माणसं सुया लावलेला हात न हलवता हसायची.

मे महिना आला. बाहेर डांबर वितळत होतं. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. सगळ्या दिवसाला एक लहान तांब्या. त्यातच चहा आला, आमटी आली. जास्त प्यायलं की अंगावर सूज चढते आणि काट्यावर उभं राहिलं की वजनात ते दिसतं. कोंडीबांचं वजन दर वेळी जास्त भरे, आणि विरुपाक्ष दर वेळी चिडे.

“मामा, किती पाणी प्यालात?”

“घोटभर.”

“घोटभरानं एवढं वजन वाढतं?”

“मंग ऊन तुमी प्या माज्या वाटचं,” कोंडीबा म्हणत आणि तोंड फिरवून घेत.

नेमकं त्याच आठवड्यात पुस्तकात जहाजावरचं पिण्याचं पाणी संपण्याचं प्रकरण येत होतं. वाचनाच्या आदल्या दिवशी घरी मशीनवर पिको करताना सायराबानूच्या ते ध्यानात आलं. या माणसांपुढं तहानेचं काय वाचायचं? तिनं ठरवलं की ते प्रकरण सोडून द्यायचं. दुसऱ्या दिवशी तिनं सरळ पुढच्या बेटाचं प्रकरण वाचायला घेतलं.

दोन पानं झाली असतील-नसतील, कोंडीबा म्हणाले, “थांबा. हितं कायतरी ऱ्हायलंय.”

“काही नाही मामा.”

“न्हाय कसं? परवा पिंप फुटलं म्हनला. आन आज पोरगं नारळ खातंय. मदी पान्याचं काय झालं?”

सायराबानूनं पान बोटानं दाबून धरलं. मग खरं सांगितलं. “त्यात पाणी नसल्याचंच सगळं आहे. म्हटलं, तुम्हाला त्रास नको.”

हुसेनसाबनं तिच्याकडं मान वळवली. “प्यासे लोगांकूच प्यास की बात समझती,” तो म्हणाला. “पढ.”

तिनं पानं मागं उलटली आणि वाचलं. चहूकडं पाणीच पाणी आणि त्यातला थेंबही पिता येत नाही. पाणकोळी रोज सकाळी प्रत्येकाला एका शिंपल्यात मावेल एवढं पाणी देतो. तोमाला सहन होत नाही. तो चोरून उरलेल्या पिंपाला तोंड लावतो आणि पकडला जातो. सगळ्यांना वाटतं, आता त्याला शिक्षा होणार. पाणकोळी त्याच्या हातात शिंपला देतो आणि म्हणतो, उद्यापासून पाणी तू वाटायचं.

वाचून झालं. कोंडीबांनी ओठांवरून जीभ फिरवली. मग म्हणाले, “बराबर लिवलंय. जीभ टाळ्याला चिकटती ते बराबर हाय.”

विरुपाक्षही तिथंच उभा राहून ऐकत होता. सुया काढताना कोंडीबा त्याला म्हणाले, “घरी समदी मला ‘बसा गप, हे करू नगा’ म्हंत्यात. परवा म्हशीला पेंड घालाया उटलो तर पोरानं पाटी काडून घेतली. ह्या पुस्तकातली पोरं येवडुशी, पर त्यांला कुनी गप बसवत न्हाय. चुकलं तरी काम देत्यात. म्हनून ग्वाड लागतं.”

म्हणून त्या आठवड्यापासून कोंडीबांचं वजन कमी भरायला लागलं, असं काही झालं नाही. ते पाणी पीत राहिले आणि विरुपाक्ष रागावत राहिला.

पावसाळा सरत आला तेव्हा हुसेनसाब गेला. सकाळची नमाज झाली होती, सायराबानू चहा ठेवत होती. त्यानं छातीवर हात ठेवला, भिंतीला टेकला आणि संपला. दवाखान्यात न्यायलासुद्धा वेळ मिळाला नाही. जहाज त्या वेळी धुक्याच्या बेटाला लागलं होतं.

सायराबानू इद्दतीत बसली. नवऱ्यामागं चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, अशी रीत. सोबतीला नणंद मेहनाज येऊन राहिली. दुकानातल्या साड्या सना आणून द्यायची आणि शिवून झाल्या की पोचवायची. पुस्तक दवाखान्याच्या पिशवीतच होतं, औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर. पिशवी खुंटीवर तशीच होती.

एका मंगळवारी विरुपाक्षच्या नंबरवरून फोन आला. बोलत होते कोंडीबा.

“भाभी, लई वाईट झालं. मानूस चांगला हुता.” मागं मशीनचा आवाज येत होता. “आमी समद्यांनी इचार केला, बोलावं का न्हाई. राग मानू नगा. पर ती पोरं धुक्यात आडकलीत की वो.”

सायराबानूनं फोन ठेवून दिला. तिला संताप आला. आपलं माणूस गेलं आणि यांना गोष्ट पडली आहे! ती पिकोच्या मशीनवर जाऊन बसली, पण पाय हलेना. धुक्याच्या बेटाशी वाचन थांबलं तेव्हा हुसेनसाब घरी येताना रिक्षात म्हणाला होता, “गाना गाव बोलो उसकू, धुंद में आवाजच काम आती.” पुढं काय होतं ते तिनं त्याला सांगितलं नव्हतं. तसंच होतं पुस्तकात. लिनू गाते आणि गाण्याच्या मागोमाग जहाज धुक्यातून बाहेर येतं.

तिनं पिशवी काढली आणि परत फोन लावला.

मेहनाजला ते पटलं नाही. “इद्दत में गैर मर्दां कू आवाज सुनाती तू?”

“बीमार लोगां है, आपा,” सायराबानू म्हणाली. “आधी किताब तुमारे भाईबी सुने थे. बाकी की मैं अकेली कैसी पढूँ?”

मेहनाज तोंड वळवून पलंगावर बसली. तिकडं विरुपाक्षनं फोन स्पीकरवर टाकून खिडकीत ठेवला. इकडं सायराबानू वाचू लागली. पहिल्या पानावर ती दोनदा ओळ चुकली. तिकडून कुणी घाई केली नाही. मग गाडी रुळावर आली. पुढच्या खेपांना मेहनाज पलंगावरून जवळ सरकली, आणि एकदा कुकरची शिट्टी झाली तेव्हा तीच म्हणाली, “ठैर, वो पन्ना फिर से पढ.”

पुस्तक फोनवरच संपलं. भरती एका फार जुन्या शंखात झोपलेली असते. तिला उठवून आणायचं म्हणजे लिनूला आपलं गाणं तिथं ठेवून यावं लागतं. ती ते ठेवते. गावात पाणी येतं आणि मुलं शिडाशिवाय, वल्ही मारत घरी पोचतात. शेवटची ओळ झाली. फोनमधून कोंडीबांचा आवाज आला, “आली म्हनायची एकदाची.” आणि कुणीतरी नाक शिंकरलं.

इद्दत संपल्यावर सायराबानू दवाखान्यात गेली. कशाला जातेस, असं सनानं विचारलं नाही. हुसेनसाबच्या खाटेवर आता अंकिता नावाची करमाळ्याची कॉलेजातली मुलगी होती. सायराबानू दारातच थोडी थांबली. विरुपाक्षनं स्टूल पुढं सरकवलं, तशी येऊन बसली. तिनं वाचनालयातून एक नवं पुस्तक आणलं होतं, डोंगर आणि गुहांचं. कोंडीबांनी एक प्रकरण ऐकलं. “बरं हाय,” ते म्हणाले, “पर ह्यात पानी न्हाय.”

अंकिता पहिल्या दिवसापासून कुणाशी एक शब्दही बोलली नव्हती. सुईला भ्यायची, भिंतीकडं तोंड करून पडायची. त्या दिवशी तिनं मान वळवून हळूच विचारलं, “काकू, कुठलं पाण्याचं?”

सायराबानू काही बोलायच्या आत कोंडीबांनी सुरुवात केली. “आगं, येक गाव हुतं. तितला समुद्रच निगून गेला. मंग दोन भावंडं आन येक पाखरू, लई तापट, आमच्या थोरल्या चुलत्यासारकं…” त्यांनी जहाजावर दोन म्हशीही चढवल्या, कारण इतक्या लांबच्या वाटेला दूध नको का? नावं चुकली, बेटं मागंपुढं झाली. अंकिता आता पुरती त्यांच्याकडं वळली होती.

सायराबानूनं त्यांना कुठंच दुरुस्त केलं नाही. डोंगराचं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि ती ऐकत बसली.