सासूबाईंचा ट्रक आणि दोन ग्राफिक्स कार्डं

सासूबाईंचा उजवा गुडघा बदलला, तेव्हा त्या धुळ्याजवळच्या आमच्या गावाहून जळगावला राहायला आल्या. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, नवरा पाईपच्या कारखान्यात पाळ्या करतो. दुपारी घरात त्या एकट्याच असत. टीव्हीचा त्यांना कंटाळा. शेजारणींशी बोलायचं तर जिना उतरावा लागे, आणि जिन्याला डॉक्टरांची बंदी होती.

नवऱ्याने लग्नाआधी हौसेने गेमिंगचा कॉम्प्युटर घेतला होता, सोबत स्टिअरिंग आणि पायाखाली ठेवायची पेडलं. लग्नानंतर त्यावर चादर पडली होती. एका रविवारी त्याने ती झटकली आणि ट्रक चालवण्याचा गेम सुरू केला. सासूबाई खुर्ची ओढून मागे बसल्या.

"हाई काय शे व माय?" त्यांनी मला विचारलं.

"गेम आहे आई. माल भरायचा आणि दुसऱ्या गावी पोचवायचा."

बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग लेकाला म्हणाल्या, "ऊठ जरा."

त्यांच्या सासरी ट्रॅक्टर होता. त्याच्या मडगार्डवर बसून त्या जन्मभर शेतात गेल्या, पण स्टिअरिंगला त्यांचा हात कधी लागला नव्हता. नवी सून असताना एकदा "मी चालवून बघू का" असं विचारलं, तर सगळं घर हसलं होतं. हे त्यांनी मला भरताची वांगी भाजता भाजता सांगितलं, तेही सहज, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं.

पंधरवड्यात त्या रिव्हर्स घ्यायला शिकल्या. कॉलेजमधून आले की मला त्या दिवसाची हकीकत मिळे: कुठून सिमेंट भरलं, कुठल्या घाटात ब्रेक तापले. पेडल दाबून पाऊल मोकळं होतंय म्हणून फिजिओथेरपीवाली बाईही खूश होती. मोकळ्या रस्त्यावर त्यांचा ट्रक सरळ जाई. पण शहर आलं, त्यात पाऊस लागला, की तो हमखास दुभाजकावर चढे. असं बरेचदा झालं आणि एक दिवस मी घरी आले तर कॉम्प्युटरवर पुन्हा चादर होती.

"आज नाही खेळलात?"

"मनाच हात चुकस," त्या म्हणाल्या. "म्हातारपनी हाई धंदा कसाले?"

मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः खेळायला बसले. शहराच्या वेशीवर पाऊस सुरू झाला आणि चित्र थबकलं. क्षणभरच, पण ते पुढे सरकलं तेव्हा माझा ट्रक दुभाजकावर होता. चूक हाताची नव्हतीच. पडद्यावरचं चित्र तयार करणारं ग्राफिक्स कार्ड जुनं झालं होतं. दिवे, पाऊस, गाड्या असं सगळं एकदम आलं की त्याला धाप लागत होती.

हे मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण सून मन राखायला बोलतेय असंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

त्या दिवसापासून ऑफ तासाला मी स्टाफरूममध्ये ग्राफिक्स कार्डांच्या तुलनेचे व्हिडिओ बघू लागले. आधी काही उमजेना. मग हळूहळू गाडी रुळावर आली. सेकंदाला किती चित्रं पडद्यावर येतात, त्यावर सगळे भांडत होते. पण त्या सरासरीच्या शेजारी आणखी एक आकडा असे: अगदी वाईट क्षणी चित्रांचा वेग किती खाली येतो. आमचं दुखणं त्या दुसऱ्या आकड्यात होतं. सरासरी उत्तम आणि मध्येच आचका देणारं कार्ड सासूबाईंच्या काय कामाचं?

शेवटी मध्यम किमतीची दोन कार्डं उरली. एक आठ जीबी मेमरीचं, आटोपशीर. दुसरं बारा जीबीचं, दोन पंख्यांचं, पहिल्याच्या जवळपास दीडपट किमतीचं. नवऱ्याचा कौल मोठ्याला.

"घ्यायचंच तर चांगलं घेऊ," तो म्हणाला. "पुढच्या गेमना आठ जीबी पुरणार नाही."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सगळे व्हिडिओ तेच सांगत होते.

बाजारात एका मारवाडी कुटुंबाचं दुकान आहे. पूर्वी तिथे रेडिओ, टीव्ही मिळायचे. आता कॉम्प्युटरचं काम त्यांची इंजिनिअर झालेली मुलगी बघते. तिने दुकानातल्या मशीनवर दोन्ही कार्डं चालवून दाखवली. मोठं कार्ड स्पष्टच पुढे होतं. नवरा माझ्याकडे बघून हसला.

"पण घरचा प्रोसेसर कुठला आहे?" तिने विचारलं. नवऱ्याने सांगितल्यावर ती म्हणाली, "मग इथलं बघून ठरवू नका. तुमचा कॅबिनेट घेऊन या, त्यातच लावून बघू. आणि खेळतं कोण?"

"माझी आई," नवरा म्हणाला.

"मग काकूंनाच आणा ना!"

बाजारात गाडी लावायला जागा नसते, म्हणून पुढच्या रविवारी आम्ही रिक्षाने निघालो. जिन्याची बंदी एव्हाना उठली होती. कॅबिनेट माझ्या मांडीवर, स्टिअरिंग नवऱ्याच्या, आणि मध्ये नवी साडी नेसून, काठी धरून सासूबाई. दुकानात त्यांच्यासाठी खुर्ची मांडली गेली, चहा आला. मुलीने आधी लहान कार्ड बसवलं आणि तोच पावसातला शहराचा रस्ता लावला.

सासूबाईंनी पदर खोचला. वेस आली, पाऊस आला, सिग्नल आला. ट्रक सिग्नलला थांबला, वळला, पुलाखालून निघाला आणि गोदामाच्या दारात जाऊन उभा राहिला. एकदाही आचका बसला नाही. दुकानात आलेली दोन-तीन गिऱ्हाइकं नकळत मागे येऊन उभी राहिली होती.

सासूबाईंनी स्टिअरिंग सोडलं नाही. पडद्याकडे बघतच हळू म्हणाल्या, "म्हंजे मनं चुकत नव्हतं."

"नव्हतंच आई."

"मी म्हटलं, तू उगाच म्हणी राहिनी."

मग मोठं कार्ड लागलं. त्यासाठी दुकानातला जास्त ताकदीचा वीजपुरवठा जोडावा लागला, कारण आमच्या कॉम्प्युटरमधला त्याला पुरणारा नव्हता. सासूबाईंनी तोच रस्ता पुन्हा पार केला. मुलीने आकडे दाखवले: आमच्या मशीनवर दोघांत फरक जवळपास नव्हताच.

"तुमचा जुना प्रोसेसर कार्डाकडे एवढंच काम पाठवू शकतो," ती नवऱ्याला म्हणाली. "मोठं कार्ड निम्मा वेळ रिकामं बसेल. पुढे सगळंच बदलणार असाल तर मोठं घ्या. आज खेळायचंय तर लहान पुरे."

नवरा सासूबाईंकडे वळला. "काय वाटतं आई?"

"माले तं दोन्ही सारखाच वाटनात," त्या म्हणाल्या. "मंग धाकलाच ली ले."

तेच घेतलं. येताना तिघांनी शेवभाजी खाल्ली, आणि कुठल्या वळणावर गियर कसा टाकला ते सासूबाईंनी आम्हाला तिखटाने नाक पुसत पुसत सांगितलं.

पुढचे तीन-चार महिने घरात नुसती त्यांची मालवाहतूक चालली. काठी सुटली. जिना त्या एकट्या चढू-उतरू लागल्या. डॉक्टरांनी शेवटची तपासणी करून गुडघा उत्तम आहे, आता सगळं करा, असं सांगितलं. त्यानंतर त्यांना गावाची ओढ लागली. नवऱ्याची पाळी होती, म्हणून गाडी घेऊन मीच सोडायला निघाले. मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर. एरंडोल गेलं, पारोळं गेलं. वाटेतल्या प्रत्येक ट्रकबद्दल त्यांचं काही ना काही मत होतं.

गावच्या अलीकडे आमच्या शेतात जाणारी गाडवाट लागते. दोन्हीकडे कपाशी, समोर विहीर, माणूसकाणूस कुणी नाही. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"थांबाड जरा. उतर तू. आते माले चालाडू दे."

मी उतरले. आम्ही जागा बदलल्या. त्यांनी सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला लावला आणि क्लच दाबला. गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा ती हलली आणि पहिल्या गियरमध्ये, बैलगाडीच्या चालीने, विहिरीकडे निघाली.