कुसुमवहिनींच्या कथेचं पहिलं पान

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला तर मी न सांगितलेलंही कळतं! तुम्हाला का सांगतोय? कारण... कारण-बिरण काही नाही. सांगतो झालं.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. डोंबिवलीत तेव्हा मी मोठा कथाकार होतो. म्हणजे माझी एक कथा छापून आली होती. एकच. पण तेवढ्या पुण्याईवर गणेशोत्सवात माझं व्याख्यान ठेवलं — 'कथालेखनातील चुका आणि त्या कशा टाळाव्यात'. दीड तास बोललो. कथा कशी लिहावी हे ठाऊक नव्हतं, चुका मात्र तोंडपाठ होत्या — सगळ्या स्वतः केलेल्या. सार एवढंच, की पहिलं पान फाडून टाका. तिथे लेखक नुसता घसा साफ करत असतो. काय टाळ्या पडल्या म्हणता!

दुसऱ्या दिवसापासून लोक हस्तलिखितं घेऊन दारात. मी ती वाचायचो का? पहिली दोन-तीन वाचली. मग — कसं सांगू — न वाचताच सांगायला लागलो. "पहिलं पान काढा, विशेषणं कमी करा, शेवट जरा आवरा." ज्याला त्याला लागू पडायचं! शिंप्याने माप न घेता सदरा शिवावा आणि गिऱ्हाइकाने 'झकास बसला' म्हणावं, तसं.

शेजारच्या बिऱ्हाडात कुसुमवहिनी राहायच्या. माहेर कोलशेतचं, मिठागरांच्या बाजूचं. दुपारी कामं आटपली की पाटावर कागद ठेवून लिहीत बसायच्या. दोन वर्षं, एक कथा. दिवाळी अंकाला पाठवायची होती. फुलस्केपचे बारा कागद, काळ्या दोऱ्याने शिवलेले. आठ दिवस ते माझ्या दाढीच्या सामानाखाली पडून होते. परत देताना मी तेच तीन मंत्र म्हटले.

चार दिवसांनी त्या सुधारलेली कथा घेऊन आल्या. "भाऊजी, आता बघा हो." आणि समोरच बसल्या — वाचणं भाग पडलं. मिठागराच्या बांधावर एक बाई रोज भाकरी ठेवते, कोणाशी तरी भांडते, ताटकळते, घरी जाते. वाक्यं अशी की माझ्या हातून जन्मात उतरली नसती. पण काही उलगडेना. मी विचारलं, "ही भाकरी कोणासाठी ठेवते?"

"अहो, नवऱ्यासाठी! तो खाडीत बुडाला, ते पहिल्या पानावर होतं की." मग थबकल्या. "तुम्ही वाचलं होतंत ना?"

आता इथे माणूस काय म्हणतो? मी काय म्हणालो ते ऐका.

"वाचलं तर! म्हणून तर काढायला सांगितलं. वाचकाच्या हातात सगळं द्यायचं नसतं, वहिनी."

"पान तर बंबात गेलं. पण मला पाठ आहे. पुन्हा लिहू का?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण त्या 'हो'मध्ये माझी चोरी उघडी पडत होती — म्हणून 'नको' म्हणालो. वर हसलो. "जरा धीर धरायला शिका."

कथा परत आली. सोबत संपादकांची एक ओळ — 'बाई भाकरी कोणासाठी ठेवते, याचा बोध होत नाही.' वहिनींनी चिठ्ठी माझ्यापुढे धरली. माझीच शंका, टाकाच्या अक्षरात! अजूनही सांगता आलं असतं. ते पान घाला म्हणून, पुन्हा पाठवा म्हणून. मी काय केलं? संपादकांना नावं ठेवली.

वहिनींनी पुन्हा लिहिलं नाही.

पुढे एकदा वाचनालयात कोणीतरी विचारलं, "काय वहिनी, हल्ली लिहीत नाही वाटतं?" मी तिथेच मासिक चाळत उभा होतो.

"आपल्याला नाही जमत हो ते," त्या म्हणाल्या. आणि माझ्याकडे वळून — "पण भाऊजींचे उपकार. अक्षरन् अक्षर वाचून खरं काय ते सांगितलं. एवढं कोण करतं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली — विनयाने घालतात ना, तश्शी.